चूल गार असेपर्यंत

खिंडीपलीकडचा किल्ला
पानगळ संपता संपता

वहिनी,

नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. मनापासून आहे असं समजून हुरळून जाऊ नकोस.

मी पोचले. ज्या पुलावर दादा मेला त्याच पुलावरून चालत किल्ल्यात शिरले, आणि तेही चोरवाटेनं नाही, पुढच्या दरवाज्यानं. पहारेकऱ्यानं विचारलं, काय येतं? म्हटलं, तलवारीला धार लावता येते. त्यानं मला सिकलगाराकडे नेलं, सिकलगारानं माझ्यापुढे एक गंजकी सुरी टाकली, आणि दुपारपर्यंत मी कामाला लागलेही होते. शत्रूच्या घरी चाकरी करायची आणि वर त्याच्याकडूनच पगार घ्यायचा, हे ऐकून दादा पोट धरून हसला असता.

कामाची जागा तटाला लागून आहे, लांबट आणि काळीकुट्ट. एका टोकाला धारेची सहाण, दुसऱ्या टोकाला भट्टी, आणि भट्टीखाली आगघोरपड. हो, जिवंत. म्हातारी झालीय, दात पडलेत, पंखांचं नुसतं कातडं उरलंय, पण एक श्वास सोडला की लोखंड लालबुंद होतं. बाकी दिवसभर घोरते. तिच्यामुळे खोलीला छान ऊब असते.

ज्याच्यासाठी आले त्यालाही पाहिलं. किल्लेदार. इथे सगळे त्याला घुबड म्हणतात, कारण त्याला पापणी लववताना कुणी पाहिलेलं नाही. डाव्या पायानं लंगडतो. ते दादाचंच काम असणार.

आता तुझ्याकडचं. थोरल्या आत्याबाईंनी आपल्या चुलीत पाणी ओतलं आणि ओल्या राखेत माझी तलवार बुडवली, तेव्हा तू तोंड वाकडं केलंस ते मी पाहिलंय. तू कुंभाराच्या घरची, भट्टीच्या उबेत वाढलेली, म्हणून पुन्हा एकदा लिहिते. शपथ पुरी होईपर्यंत घरात विस्तव नाही. चूल गार आहे तोवर या तलवारीची धार जात नाही. चुलीत ठिणगी पडली की तलवार मेली. मग ती वर्षभर सहाणेवर घासली तरी लोणीसुद्धा कापायची नाही. शपथ सुटायच्या वाटा दोनच: तो मेला, नाहीतर मी मेले.

पहिलं बर्फ पडायच्या आत उरकून येते. बारकूला जप. त्याचं नाक दादाचं आहे.

तुझी नणंद

•

घर
पहिलं हीव पडल्यावर

वन्सं,

तुमचं पत्र मिठवाल्यानं आणून दिलं. टपालाचे पैसे घेत नाही बिचारा, गावच्या चुगल्या घेतो. तुमच्याबद्दल विचारत होता. म्हटलं, आमच्या वन्सं लांबच्या मावशीकडे शिवण शिकायला गेल्यात. इतका हसला की खेचर बुजलं.

उबदार खोली मिळाली हे वाचून बरं वाटलं. इथे पाण्याच्या घड्यावर सकाळी साय धरावी तसं बर्फ धरतं. ते फोडते आणि बारकूचं तोंड पुसते. मग तो असा काही किंचाळतो की समोरची रंगारीण उठून येते. ती रोज वाटीभर काहीतरी शिजवलेलं देते, पण वाटी हातात ठेवताना एवढा मोठा उसासा टाकते की घास घशाखाली जात नाही. उंबरठा ओलांडेपर्यंत ते गार झालेलं असतंच. आत आणून गरम करायची सोय नाही.

आत्याबाई येतात. बसत नाहीत, चहूकडे बघत नाहीत, सरळ चुलीपाशी जातात आणि दगडावर तळवा टेकवतात. गार लागला की मान हलवतात आणि जातात. बारकूच्या डोक्यावर तोच हात ठेवायचं त्यांच्या मनात येत नाही. दगड कधी कोमट लागला तर घर आणि गोठा कुळाकडे जमा होईल, असं जाता जाता सांगतात, जणू मी ते विसरले असेन.

तुमच्या भावावर माझं प्रेम नव्हतं असं तुम्ही लग्नापासून म्हणत आलात. म्हणा. पण सूड तुमचा आणि गारठा माझा, ही वाटणी कुणी केली तेवढं मला एकदा सांगा. आणि नोकरी लागून इतके दिवस झाले, तर घुबड अजून जिवंत कसं?

तुमची वहिनी, नाइलाजानं

•

किल्ला
ढगाळ दिवस, बर्फ अजून नाही

वहिनी,

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. किल्लेदार म्हणजे बाजारातली कोंबडी नाही, धरली आणि मान मुरगळली. त्याच्या मागेपुढे माणसं असतात. एकटा सापडतो तो फक्त आमच्या कामाच्या जागी. दुपार कलली की येतो, आगघोरपडीच्या पाठीशी स्टूल ओढतो आणि दुखरा पाय शेकत बसतो. त्या वेळी सिकलगार जेवायला गेलेला असतो.

तू लगेच म्हणशील, मग? मग काय, माझी तलवार वरच्या माळ्यावर होती. परवा त्यानं स्वतःची तलवार माझ्याकडे धारेला दिली. मी ती घासत होते आणि तो माझ्यापुढे मान खाली घालून बसला होता. पण शपथेच्या तलवारीनं मारलं तरच सूड, हे तुलाही माहीत आहे. दुसऱ्या कशानं मारलं तर तो नुसता खून.

त्याचे हात बघून नवल वाटलं. एवढा मोठा किल्लेदार, पण बोटांना भाजल्याचे डाग. घोरपडीला स्वतः भरवतो, दुसऱ्या कुणाच्या हातचं ती खात नाही. तिच्याशी बोलतोही, हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं. माझ्याशी बोलतो तेव्हा मात्र दोन शब्दांवर तिसरा नाही. मी सहाणेवर बोट कापून घेतलं आणि एक सणसणीत शिवी हासडली, तेव्हा त्यानं मान वर करून बराच वेळ माझ्याकडे बघितलं. पापणी खरंच लवत नाही.

मी त्याला पुलाबद्दल विचारलं. सहज विचारावं तसं. म्हणाला, शेवटी दोघंच उरलो होतो. मी त्याला म्हटलं, जा परत, तुझ्या लोकांनी कधीच पाठ दाखवलीय. तर त्यानं मला, माझ्या बापाला आणि माझ्या घोड्याला अशा शिव्या दिल्या की मला हसू फुटलं. मी हसलो तेवढ्यात त्यानं माझा पाय कापला. मग मी मारलं. एवढं सांगून तो उठला आणि दोन दिवस आलाच नाही.

दादा असाच होता. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही. मी त्या दिवशी काही जेवले नाही.

तू चुलीकडे लक्ष दे, माझ्याकडे नको.

नणंद

•

घर
आभाळ भरून आलंय

वन्सं,

पत्र दोनदा वाचलं. त्यात त्याचे हात आहेत, त्याची बोटं आहेत, त्याचा आवाज आहे, त्याच्या पापण्या आहेत. त्याच्या मानेचा उल्लेख एकदाच आलाय, आणि तीच तर तुम्हाला हवी होती.

आमच्याकडे एक म्हण आहे, तुमच्याकडेही असेल: चोराच्या मनात चांदणं. तो दोन दिवस आला नाही हे तुम्ही मोजलंत. माझा नवरा वर्षानुवर्षं मोहिमेवर जायचा, मी एवढं मोजलं नाही.

तलवार माळ्यावर होती म्हणे. ज्या बाईनं माझ्या लग्नाच्या पंगतीतही तलवार कमरेची सोडली नाही, तिची तलवार माळ्यावर! नाचता येईना अंगण वाकडं. वन्सं, मी कुंभाराची पोर असेन, पण कच्चं मडकं कोणतं आणि भाजलेलं कोणतं हे मला टिचकी मारून कळतं. तुम्ही कच्च्या झालात.

बारकू खोकतोय. काल छातीतून आवाज यायला लागला, ओली लाकडं जळताना येतो तसा. रंगारीण म्हणाली, याला शेक हवा. मी म्हटलं, आमच्या वन्संना विचारते, त्या शेकतच बसल्यात.

मारायचं असेल तर मारा. नसेल मारायचं तर तसं लिहा. पण लवकर लिहा.

वहिनी

•

किल्ला
बर्फात अडकून

वहिनी,

तोंड सांभाळून लिहीत जा. मी कच्ची नाही. तुझ्यासारखी नवऱ्याच्या मागे फाटकापर्यंत जाऊन रडणारीही नाही. दादा नावाचाच दादा, माझ्याहून धाकटा; त्याला आईविना मी वाढवला, त्याच्या हातात पहिली लाकडी तलवार मी दिली. तू आलीस कानामागून आणि झालीस तिखट.

खिंडीत बर्फ आहे, म्हणून पत्राला उशीर झाला. किल्लेदाराचं काय करायचं ते मी ठरवीन. योग्य वेळ बघते आहे. योग्य वेळ म्हणजे काय हे लढणाऱ्या माणसाला कळतं, मडकी घडवणाऱ्याला नाही.

आणि एक लक्षात ठेव. चूल पेटवलीस तर याद राख. धूर दिसला, वास आला, राख सापडली, काही म्हणता काही झालं, तर घर जाईल ते जाईलच, पण मी तुला जन्मात तोंड दाखवणार नाही.

बारकूच्या छातीला लोकर बांध. आतून बांध, झबल्याच्या आतून. माझ्या पेटीत तळाशी दादाची जुनी पांढरी बंडी आहे, ती उसव.

नणंद

•

घर
ऐन थंडी

वन्सं,

बारकू बरा आहे. खोकला गेला. आता भिंतीला धरून चालतो आणि दिसेल ती वस्तू तोंडात घालतो.

बंडी उसवली. लोकर चांगली होती.

आत्याबाई येऊन गेल्या. दगड गार होता. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

वहिनी

•

किल्ला
बर्फ वितळायला लागलंय

वहिनी,

हे पत्र वाचताना बसून घे, कारण माझ्या हातून तू आता सुटत नाहीस.

मी त्याला मारलं. म्हणजे, मारायला गेले. काल सकाळी तो घोरपडीला भरवत होता, सिकलगार बाहेर होता. मी तलवार काढली आणि म्हटलं, पुलावर मारलास त्याची मी थोरली बहीण. तो वाकला होता तसाच राहिला. म्हणाला, माहीत आहे, शिव्या त्याच आहेत. मी म्हटलं, मग पहारेकऱ्यांना का नाही सांगितलंस? म्हणाला, धार चांगली लावतेस.

मी दोन्ही हातांनी घाव घातला. पूर्ण ताकदीनं, बरोबर मानेवर. आणि वहिनी, आवाज आला तो धपाटा घातल्यासारखा! रक्ताचा थेंब नाही. कातडीवर जाडसर निळी रेघ उठली, एवढंच. तो खाली बसला, मान चोळली आणि म्हणाला, आणखी मारायचंय का, की उठू?

तलवार मेलेली होती. याचा अर्थ एकच, तू चूल पेटवलीस. मी इथे शत्रूच्या किल्ल्यात जीव मुठीत धरून बसलेली, आणि तू तिथे पाय शेकत बसलीस! माझी आयुष्यभराची लाज झाली. दादाच्या मारेकऱ्यानं मला पाणी आणून दिलं, आणि मला ते प्यावं लागलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तुझ्यापेक्षा घुबड बरं, त्यानं निदान समोरून वार केला.

मी इथे थांबलेय ती फक्त खिंडीतल्या चिखलामुळे. त्याच्या मानेला सूज आहे आणि किल्ल्यात वैद्य नाही, म्हणून लेप मी लावते. सुजेनं मेला तर तो सूड धरत नाहीत.

लिही, काय ते खरं लिही. कधी पेटवलीस? कुणाला विचारून?

नणंद

•

घर
खिंड मोकळी झाली

वन्सं,

कुणाला विचारून? बारकूला. त्याचे ओठ निळे पडले होते.

लपवायचं ते लपवलं, आता सगळं सांगते. चूल पेटवली पहिलं बर्फ पडलं त्या दिवशी. परवा नाही, गेल्या महिन्यात नाही, हिवाळ्याच्या तोंडाला. तुमच्या बर्फात अडकलेल्या पत्राच्याही आधी. कोळशाचा विस्तव केला, वरून मडकी पालथी घातली, धूर नाही आणि उजेड नाही. आत्याबाई गल्लीत दिसल्या की दगडावर बर्फ थापायचं आणि पुसून काढायचं. अख्खा हिवाळा असाच काढला.

म्हणजे तुमची तलवारही त्याच दिवशी मेली.

आता मला सांगा. तुम्ही रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी तलवारीची धार अंगठ्याच्या नखावर बघता. एक दिवस चुकलेला मी पाहिलेला नाही. माझी वरात दारात आली तेव्हाही तुम्ही उंबरठ्यावर बसून नख खरवडत होतात, माझ्या आईला रडू फुटलं होतं. आणि आता दिवसभर दुसऱ्यांच्या तलवारी घासायची नोकरी तुमची. तुम्हाला कळलं नाही? दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं असणार.

कळलं होतं. कळल्यावरही तुम्ही मला लिहिलंत की चूल पेटवलीस तर याद राख. तो राग माझ्यावर नव्हता. पेटलीय हे तुम्हाला माहीत आहे, हे मला कळू नये म्हणून तो सगळा थयथयाट. कारण कळलं असतं तर मी विचारलं असतं, वन्सं, मग तिथे अजून काय करताय? सगळा हिवाळा तुम्ही मेलेली तलवार कमरेला बांधून त्याच्याशेजारी बसलात, आणि मी विझलेली म्हणून पेटती चूल दाखवत बसले. दोघी खोट्या. नणंद-भावजय शोभतो.

मग एवढ्या दिवसांनी तो घाव घातलात कशाला, याचा मी खूप विचार केला. मला वाटतं, न मारता त्याच्या समोर बसणं तुम्हाला सोसेना. तुमच्या दादाला तोंड दाखवता यावं म्हणून मारलंत. बोथट तलवारीनं, पण दोन्ही हातांनी. मी तुम्हाला हसत नाही. वाचताना मला हसू आलं नाही.

आता नीट वाचा. तुमचं पत्र ज्या दिवशी आलं त्याच दिवशी आत्याबाई आल्या. गल्लीतून नाही, मागच्या परसातून, न सांगता. मला बर्फ शोधायला वेळ मिळाला नाही, आणि बर्फ उरलंय तरी कुठे. त्यांनी दगडावर तळवा ठेवला आणि ठेवलेलाच ठेवला. मग माझ्याकडे वळल्या. बारकू माझ्या कडेवर होता, गाल लाल, अंगानं गुबगुबीत. असं मूल गारठ्यात वाढलेलं नसतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

शपथ सुटायच्या वाटा दोनच, तुम्हीच लिहिलंय. तो मेला म्हणाले असते तर पहिल्या मिठवाल्यानं मला खोटं पाडलं असतं, किल्लेदार काही लपून राहत नाही. म्हणून मी तुमचं पत्र पदराआड धरलं आणि म्हटलं, आत्याबाई, आताच निरोप आला. वन्सं गेल्या. चूल मी आताच पेटवली.

त्यांनी विचारलं, कशा गेल्या? मी म्हटलं, समोरून घाव घालताना.

वन्सं, तुम्ही मेलात. सगळं गाव येऊन गेलं. रंगारणीनं गरमागरम शिजवून आणलं आणि उसासा टाकला नाही. आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं चुलीत लाकडं घातली, धूर छपरातून वर गेला आणि तो सगळ्यांनी पाहिला. घर राहिलं, गोठा राहिला. कुळाच्या दृष्टीनं तुम्ही शूर होतात. काही जण तर म्हणाले की स्वभावानंही गोड होतात. मी मान खाली घातली, नाहीतर तोंडातून निघून गेलं असतं.

सुरुवातीला मी रडले ते सगळे बघत होते म्हणून. डोळे चोळून चोळून पाणी काढलं. मग कुणीतरी तुमची पेटी बाहेर आणली, मोहिमेवरून परत न येणाऱ्याची आणतात तशी, आणि तेव्हा मला कळलं की तुम्हाला आता इथे कधीच येता येणार नाही. या दारातून, या गल्लीतून, कधीच. बारकू मोठा होईल आणि त्याला आत्या नसेल. पाहुणे उठून गेले तरी माझं रडणं थांबेना. आत्याबाईंना मला धरून बसावं लागलं. तुमच्यासाठी मी असं रडेन असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडावर मडकं फोडलं असतं.

त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. त्याच्याबरोबर सुखानं राहा असं माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. माझा नवरा त्यानं मारला, आणि नवरा मला आवडत होता, तुम्ही काहीही म्हणा. पण मेलेल्याला थंडी वाजत नाही, बारकूला वाजते. तुम्हालाही वाजत असणार, म्हणून तर ती ऊब सोडवली नाही.

या मिठवाल्याबरोबर तलवार पाठवा, त्याचं तोंड मी बंद केलंय. आत्याबाईंना पुरायला काहीतरी हवं. सोबत चिठ्ठी नको, निरोप नको, बारकूला खेळणं नको. हे पत्र त्या घोरपडीच्या तोंडात घाला. मी तुमची सगळी पत्रं आज चुलीत घालते, घरात विस्तव आहे आता.

बारकू चालायला लागला. हात सोडून, दारापासून चुलीपर्यंत. तुम्हाला सांगायचं राहू नये म्हणून लिहिलं.

तुमची वहिनी